एक नाव, एक नोंद

टपालकाकांनी मेव्हण्याला ग्रंथालयात नेलं ते निव्वळ त्याचं तोंड बंद करायला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गेली नऊ वर्षं तो घरात पाऊल ठेवताच एकच प्रश्न विचारत आला होता, "काय भाऊजी, कुणी वाचलं का तुमचं पुस्तक?" आणि गेली नऊ वर्षं काका एकच उत्तर देत आले होते, "ग्रंथालयात आहे म्हटलं."

काकांनी चौतीस वर्षं शहरात पत्रं वाटली. संध्याकाळी घरी येऊन अकरा वर्षं एकच पुस्तक लिहिलं, 'दारं आणि जिने'. जुन्या गल्ल्यांतल्या कुठल्या दारामागे कोण राहायचं, कुठल्या जिन्याची कितवी पायरी मोडकी, कोण पत्र फोडताना हसायचं आणि कोण आत जाऊन फोडायचं, असं सगळं. छापलेल्या प्रतींचे गठ्ठे घरात माळ्यावर पडले होते. एक प्रत तेवढी ग्रंथालयात होती, आणि त्या प्रतीवर काकांचा जीव होता. आयुष्यभर लोकांची नावं वाचली. कुठेतरी आपलंही लिहिलेलं असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ग्रंथालयात नुकतेच संगणक आले होते. शहराचं जुनं दप्तरही त्यांनाच जोडलं होतं. वरून हुकूम होता, एक नाव, एक नोंद. काकांनी ऐटीत आपलं नाव टाईप केलं आणि मेव्हण्याला म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच."

मेव्हणा वाचू लागला. "नामांकित वकील. मृत्यू पन्नास वर्षांपूर्वी. ग्रंथालयाला दोन कपाटं भेट. घोडा चोरल्याबद्दल सहा महिने कैद. केस वाढवण्याच्या तेलाचे उत्पादक. विवाह तीन. ग्रंथ एक, 'दारं आणि जिने'." तो थांबला. "भाऊजी, उरलेल्या दोन लग्नांचं ताईला माहीत आहे का?"

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. तेलवाला त्यांच्याच वाटपाच्या गल्ल्यांतला होता. त्या एका नावाची चार माणसं त्यांच्या वाटपात होती, पण चौतीस वर्षांत एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात पडलं नव्हतं. आणि इथे लाखो रुपयांच्या यंत्रानं अर्ध्या शहराला एका पिशवीत कोंबून वर गाठ मारली होती.

ते तडक ग्रंथपालबाईंसमोर जाऊन उभे राहिले. बाई सरळ होत्या आणि थकलेल्या होत्या. "तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, काका," त्या म्हणाल्या, "पण मला दिसून नोंद बदलत नाही. वरून परवानगी लागते. अर्ज द्या, मी पाठवते."

काकांनी अर्ज दिला. खाली सही केली, कंसात पूर्ण नाव लिहिलं. आठवड्यानं जाऊन बघतात तर यंत्रानं अर्ज वाचून, नाव ओळखून, वकिलाच्या नोंदीला जोडलेला. पत्रव्यवहार, एक. मग जन्माचा दाखला मागितला गेला. दिला. वकील दोनदा जन्मला. मग नोकरीचा दाखला. तोही दिला. आता घोडाचोर टपाल खात्यात लागला, आणि ही नोंद कुणीतरी खात्यात पाहिली. तिसऱ्या आठवड्यात काकांना त्यांच्याच जुन्या कचेरीचं पत्र आलं, की नोकरीत लागताना पूर्वीची कैद का लपवली, याचा खुलासा सात दिवसांत करावा. काकांनी चार पानी खुलासा लिहिला. प्रत ग्रंथालयाला दिली. यंत्रानं तीही वकिलाला जोडली.

"बाई, एवढे कागद मी दिले, ते माझ्या बाजूचे धरले की त्याच्या?"

"नावाच्या बाजूचे," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्याचा रकाना यंत्रात नव्हता.

घरी बायको वैतागली होती. "भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली आहे. पुस्तक कुणाच्या का नावावर असेना. माळ्यावरचे गठ्ठे झाडायला तो वकील येणार आहे का?"

"माझं आहे ते," काका म्हणाले.

"हो, तुमचंच आहे. मी कधी नाही म्हटलं? अकरा वर्षं तुम्ही ते मला वाचून दाखवत होतात आणि मी भांडी घासत होते. पान सत्तर तर मला पाठ आहे."

इकडे ती फुगत चाललेली नोंद शहरातल्या प्राध्यापकाच्या नजरेस पडली. हा प्राध्यापक काकांना चांगला ठाऊक होता. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून काका त्याच्या घरी घेऊन गेले होते. "सवडीनं बघतो," तो म्हणाला होता. आठ महिन्यांनी पुडकं परत आलं. सुतळीची गाठ काकांच्याच हातची होती. टपालवाला आपली गाठ ओळखतो. त्या दिवशी काका जेवले नव्हते.

आता त्याच प्राध्यापकानं वर्तमानपत्रात लेख लिहिला. शहराला एका अष्टपैलू पुरुषाचा विसर पडला आहे. वकील, उद्योजक, दाता, तरुणपणी वाट चुकलेला पण पुढे सावरलेला, आणि या सगळ्यावर कळस म्हणजे लेखक. ग्रंथालयानं लगोलग वाचनकक्षाला त्या पुरुषाचं नाव द्यायचं ठरवलं. नाव तेच असल्यामुळे निमंत्रण काकांच्याही घरी आलं. पत्ते शोधून देण्याचं कामही त्याच यंत्राकडे होतं.

काका गेले ते भर सभेत उभं राहून सगळ्यांचे दात घशात घालायचं ठरवूनच. बायकोला बरोबर नेलं. तिसऱ्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. खिशात जन्माचा दाखला होता.

प्राध्यापक उभा राहिला. "एवढा मोठा वकील," तो म्हणाला, "पण लिहितो कसा, तर एखाद्या साध्या पोस्टमनच्या नजरेनं. परकायाप्रवेश म्हणतात तो हाच. शिवाय या पुस्तकात पाचव्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पाण्याच्या टाकीचं वर्णन आहे. ही टाकी त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी बांधली गेली. काय द्रष्टा माणूस असेल." सभेनं टाळ्या वाजवल्या. काका उठायला लागले.

तेवढ्यात त्यानं पुस्तक उघडलं आणि पान सत्तर काढलं. "तिसऱ्या गल्लीतल्या आजी पत्र घेण्याआधी दोन्ही हात पुसून घेत. पत्र त्यांना एकच येई, विजेच्या बिलाचं. तरी पुसत. मुलाचं पत्र कधी आलं तर हात ओले नकोत, म्हणून सवय ठेवली आहे, असं त्या म्हणत. मी त्यांच्याकडे सोळा वर्षं गेलो. हात कायम कोरडे होते."

सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं चष्मा काढला. बायकोचे ओठ त्या ओळींबरोबर हलत होते. आपली वाक्यं एवढी माणसं एकदम ऐकताहेत हे काकांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि ते मागे सरकून नीट बसले. प्राध्यापकानं आणखी चार पानं वाचली. मग जाहीर केलं की ग्रंथालय या पुस्तकाची नवी आवृत्ती काढणार, दोन हजार प्रती, आणि एक प्रत प्रत्येक शाळेत.

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुढचं पान त्यानं वाचलं नसतं."

"मग आता?"

"आता काय? दोन हजार प्रती म्हणजे दोन हजार दारं झाली. एवढी दारं तर मलाही गाठता आली नव्हती." काकांनी खिशातला दाखला आणखी आत सारला. "वकिलाच्या नावावर का होईना, जाऊ देत लोकांच्या घरी. माझ्या नावावर माळ्यावरच पडून राहतील."

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, त्यांनी टपोऱ्या अक्षरात पत्र लिहिलं. "'दारं आणि जिने' हे पुस्तक माझे नाही. ते कैलासवासी वकीलसाहेबांचेच आहे. माझे पूर्वीचे सर्व अर्ज रद्द समजावेत." खाली सही ठसठशीत केली. मग स्वतः नेऊन ग्रंथालयाच्या पत्रपेटीत टाकलं. आयुष्यातलं शेवटचं टपाल वेळेवर पोचवलं.

शुक्रवारी ग्रंथपालबाईंनी बोलावून घेतलं. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या. "काका, झालं तुमचं काम. परवानगी सोमवारी सभेच्या वेळेलाच हातात पडली. मंगळवारी सकाळी बसून मी एकेक माणूस सोडवला. त्या एका नावात सात जण निघाले. वकील वेगळा, घोडाचोर वेगळा, तेलवाला वेगळा. आणि पुस्तक वकिलाचं असणं शक्यच नाही, हे वरच्यांना छापल्याच्या सालासकट लिहून दिलं. प्राध्यापकांनाही कळवलं."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. "आणि मी टाकलेलं पत्र?"

"ते बुधवारी पेटीत सापडलं. यंत्रानं बरोबर तुमच्याच नोंदीला जोडलं बघा. आता चुकत नाही ते." बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथे काकांचं नाव होतं. जन्म एक, विवाह एक, नोकरी टपाल खात्यात. कैद नाही, तेल नाही, मृत्यू नाही. पत्रव्यवहार एक, त्याचा सारांश शेजारी दिलेला, पुस्तक माझे नाही. ग्रंथ, निरंक.

"मग पुस्तक कुणाचं दाखवताय?" काकांनी विचारलं.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी दुसरी नोंद उघडली. 'दारं आणि जिने'. लेखक अज्ञात. "वकिलाचं नाही हे मी सिद्ध केलं. तुमचं नाही हे तुम्हीच लिहून दिलंत. मला वाटलं, तुमचं काहीतरी कारण असेल." त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "तुम्ही आधीचे अर्जही रद्द समजा म्हणालात. यंत्रानं ते रद्द समजले."

"आणि नवी आवृत्ती?"

"प्राध्यापकांनी थांबवली. माणूसच ठाऊक नाही तर प्रस्तावना कुणावर लिहायची, म्हणाले."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. टपाल कचेरीत एक कपाट असतं. ज्या पत्राचा घेणाराही सापडत नाही आणि पाठवणाराही, ते त्यात जातं. काकांच्या पिशवीतून त्या कपाटात चौतीस वर्षांत फार तर दहा पत्रं गेली होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं त्यांना अजून वाईट वाटायचं. "पुन्हा अर्ज देऊ का?" त्यांनी विचारलं. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. काकांनी तो घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि घरी आले.

घरी मेव्हणा आलेला होता. पाय पसरून चहा पीत बसला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या प्रश्नाला सांगण्यासारखं उत्तर होतं. वाचलं होतं, भर सभेत, मोठ्यानं, आणि माणसांनी चष्मे काढले होते. बायको दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती.

"काय भाऊजी, कुणी वाचलं का तुमचं पुस्तक?"

"कुठलं पुस्तक?" काका म्हणाले.