कोळारचे करुणा शिबिर

करुणा माणसाच्या हृदयात जन्मजात असते. ती बाहेर काढायला मात्र सरकारी परवानगी लागते. निदान आमच्या निजामाच्या राज्यात लागते. इथे चार माणसे जमवून कीर्तन करायचे म्हटले तरी तहसीलकडे उर्दूत अर्ज द्यावा लागतो, आणि कोण काय बोलणार ते आधी लिहून द्यावे लागते. त्यामुळे फसली सन १३४५ मध्ये (इंग्रजी १९३५-३६) औरादचे वकील अच्युतराव यांनी 'नऊ दिवस कोणीही काहीही बोलणार नाही' असा अर्ज केला, तेव्हा तहसीलदारसाहेबांनी तो उभ्या उभ्या मंजूर केला. अशा रयतेची सरकार फार दिवसांपासून वाट पाहत होते, असा शेराही मारला म्हणतात.

अच्युतराव नुकतेच सारनाथहून आले होते. तिथे एका सिंहली भिक्खूंकडून पंचशीलाची व्रते घेऊन ते तीन दिवसांत करुणा शिकले. (वकिलीला सहा वर्षे लागली होती, दोनदा नापास.) येताना एक पितळी घंटा आणि एक पुस्तक आणले. ज्याच्याकडे घंटा आणि पुस्तक दोन्ही असते, त्याला शिष्य मिळायला वेळ लागत नाही. बीदरजवळ कोळारच्या आमराईत अकरा साधक जमले: तीन वकील, कचेरीतले दोन पेशकार, चार जमीनवाले, एक वैद्य (मौनामुळे नाडी पाहणार नव्हते) आणि अहवाल लिहायला मी, शाळामास्तर.

पहिले व्रत, कोणत्याही जिवाला दुखवायचे नाही. ते आम्ही इतके मनावर घेतले की आम्हाला घेऊन आलेल्या तीन गाड्यांचे सहा बैलही नऊ दिवस जुंपायचे नाहीत, असे ठरले. आप्पाराव जमीनदारांचे हरण्या आणि बाशिंग्या आयुष्यात पहिल्यांदाच भर दुपारी आडवे झाले. बैल सुटले तसा पाण्याचा प्रश्न आला, कारण विहीर अर्धा मैल लांब. तो प्रश्न कोळारच्या निलम्माने सोडवला. ती रोज चाळीस घागरी डोक्यावरून आणी. तिला जुंपू नये असे पुस्तकात कुठेच लिहिलेले नव्हते.

साधनेच्या पायऱ्या चार. पहिले दोन दिवस स्वतःबद्दल करुणा बाळगायची. (यात सगळे पहिल्याच बैठकीत उत्तीर्ण.) पुढचे दोन दिवस मित्राबद्दल. त्यापुढचे दोन, ज्याच्याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही, ना माया ना राग, अशा माणसाबद्दल. शेवटचे तीन शत्रूबद्दल. शत्रूंची यादी आधीच मागवली होती. आप्पारावांनी जास्तीचा कागद मागून घेतला, आणि त्यावरची सगळी नावे एकाच आडनावाची, म्हणजे त्यांच्याच भाऊबंदांची निघाली.

ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असा माणूस शोधणे फार अवघड, असे पुस्तक म्हणते. आम्हाला ते मुळीच अवघड गेले नाही. मौनामुळे लिहून बोलायला दिलेल्या अकरा पाट्यांवर अकराही जणांनी, एकमेकांना न विचारता, 'पाणीवाली' असे लिहिले. इतके एकमत आमच्या भागात पूर्वी कधी झाल्याचे ऐकिवात नाही.

मग पाचव्या दिवसापासून सकाळी नऊ ते अकरा आम्ही डोळे मिटून निलम्मावर करुणा सोडू लागलो. 'ती सुखी होवो, तिला क्लेश न होवोत.' ती भरल्या घागरी घेऊन आमच्यामधून ये-जा करी, त्याने थोडा व्यत्यय येई. तो आम्ही सोसला.

सहाव्या दिवशी नऊची बैठक सुरू होताच ती रिकाम्या हाताने आली आणि आमच्यापुढे उभी राहिली.

"अप्पा, येक गाडी द्या की. पोरगी अडलीया माजी. पहिलटकरीण हाय, कालधरनं तडफडायलीय. सुईण म्हनली, बीदरच्या दवाखान्याला न्ये. गावच्या समद्या गाड्या सायबाच्या दौऱ्याला वेठीनं गेल्यात. ह्या तीन तेवड्या हितं उब्या हायत."

आम्ही त्या वेळी तिच्यावरच करुणा सोडत होतो, त्यामुळे मध्येच उठणे शक्य नव्हते.

"आवं, कामून बोलंना झालाव? न्हाई म्हना, व्हय म्हना, कायतरी म्हना की!"

अच्युतरावांनी अडीअडचणीसाठी ठेवलेली पाटी उचलली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'अकरानंतर' असे लिहिले आणि निलम्मापुढे धरली. निलम्माला वाचता येत नव्हते. ही काहीतरी पूजा आहे आणि ती मोडली तर लेकीला बाधेल, असे तिला वाटले असावे. तिने पाटीला हात जोडले आणि खाली बसून राहिली.

मी एक डोळा किलकिला करून पाहिले. (ही नोंद अहवालात नाही.) ती माझ्याकडेच बघत होती. मला लाज वाटली, अगदी पोटातून वाटली. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती लाज मी श्वासाबरोबर बाहेर सोडली.

अकराला घंटा झाली आणि पाट्यांवरून चर्चा सुरू झाली. आप्पाराव गाडी द्यायला तयार होते, पण बैल जुंपले तर व्रत मोडते. अच्युतरावांनी त्याहून बारीक मुद्दा काढला. आपण निलम्माला मदत केली तर आपल्याला तिच्याबद्दल काहीतरी वाटू लागेल. मग ती साधनेच्या कामाची राहणार नाही, दुसरी बाई शोधावी लागेल, आणि अकरा जणांची दोन दिवसांची मेहनत फुकट जाईल. मुद्दा बिनतोड होता. वैद्यांनी मान डोलावली. मते घेण्यासाठी मी पाट्या पुसायला घेतल्या.

तोवर निलम्माने हरण्या-बाशिंग्याला स्वतःच जुंपले होते. बैलांना राबवले आणि न दिलेली वस्तू घेतली; तिच्या हातून दोन व्रते एका दमात मोडली. आमची पाचही शाबूत राहिली.

कोळारहून मैलूरवरून बीदरचा दवाखाना बैलगाडीने दोन तास. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, दोन तास आधी आणली असती तर बाळ हाती लागले असते. पोरगी वाचली.

दुसऱ्या दिवशी निलम्माने गाडी आणून होती त्याच जागी सोडली, बैलांना पाणी पाजले आणि एक शब्द न बोलता निघून गेली. शिबिरात सर्वांत कडक मौन तिनेच पाळले, हे कबूल करायला हवे. पाणी आणायला ती परत आली नाही. 'पाण्याच्या अडचणीमुळे' शिबिर तीन दिवस आधीच आटोपले आणि शत्रूंची पायरी राहून गेली. आप्पारावांना त्याचे फारसे वाईट वाटले नाही.

निघण्यापूर्वी अकराही जणांनी निलम्माला एकमताने क्षमा केली. अहवालात मी लिहिले: 'शिबिर यशस्वी. जीवहानी: शिबिराच्या हद्दीत नाही.'

आता तुम्हाला आमचा राग आला असेल आणि निलम्माची दया. येणारच, तुम्ही मनाचे चांगले. बैलांची नावेसुद्धा तुमच्या लक्षात राहिली असतील. पण त्या अडलेल्या पोरीचे नाव काय, हे आमच्या अकरा जणांपैकी एकानेही विचारले नाही. मी मघापासून 'पोरगी, पोरगी' म्हणतो आहे, तुम्हीही विचारले नाही. तुमच्यावर तर मौनाचे बंधनही नव्हते.

पुढच्या साली बाराव्या साधकाची जागा आहे. तुमची चटई मी घालून ठेवतो.