ऐकून घेणारे अध्यक्ष

गोदातीर समाज-साहाय्य निधीच्या विश्वस्त मंडळाची मासिक सभा नियमाप्रमाणे सुरू झाली होती आणि नियमाप्रमाणेच मागच्या सभेच्या इतिवृत्तावर अडली होती. मागच्या सभेत चहा 'देण्यात आला' की 'घेण्यात आला', एवढाच मुद्दा होता. अध्यक्ष मनोहरपंत गायधनी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. देणं हेच निधीचं ब्रीद, तेव्हा चहा देण्यात आला, असं त्यांचं मत. चिटणीस प्रभाकर निकुंभ म्हणत होते की दिलेला चहा कोणी घेतलाच नाही तर तो वाया गेला असा अर्थ निघतो, आणि समाजाचा चहा वाया घालवण्याचा अधिकार मंडळाला नाही.

हा निधी आमचा, म्हणजे नाशिकच्या सुस्थितीतल्या सभासदांचा. आम्ही दर वर्षी वर्गणी भरतो, प्राप्तिकरात सूट घेतो आणि गरजूंचं काय करायचं ते विश्वस्तांवर सोपवतो. सिंहस्थ संपून वर्ष झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

बाहेरच्या बाकावर गोजराबाई विधाते सकाळपासून बसली होती. ती मखमलाबादची. नवरा सहादू आणि ती मिळून झेंडू-शेवंती करायचे आणि पंचवटीत नेऊन विकायचे. सहादूचे कान हळूहळू जात जात जवळजवळ गेले होते. मागच्या महिन्यात मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न त्याला ऐकू आला नाही, आणि तो सायकलीसकट गटारात गेला. निभावलं कोपरावर. गोजराबाई निधीकडे नवऱ्यासाठी कानाचं मशीन मागायला आली होती.

तिचा नंबर लागणार तेवढ्यात मुंबईहून छाया मॅडम आल्या. आमच्या निधीला मोठी देणगी देणारी एक संस्था मुंबईत होती, तिच्या त्या प्रतिनिधी. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी विचारलं,

"तुम्ही ज्यांच्यासाठी काम करता, त्यांच्यापैकी या मंडळावर कोण आहे?"

विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे गरजू म्हणता?" निकुंभ म्हणाले. "तशी गरज आम्हा सगळ्यांनाच आहे, मॅडम."

"पुढच्या वर्षीची देणगी हवी असेल तर मंडळावर एक तरी गरजू प्रतिनिधी पाहिजे. आमचं धोरणच आहे तसं."

गरजू माणूस तातडीने कुठून आणायचा? विश्वस्त विभावरीताई कोठावदे मुळात व्यवहारी बाई. त्या उठल्या, दार उघडलं आणि बाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या काय, बसल्याच आहेत."

अशा रीतीने गोजराबाई निधीची विश्वस्त झाली. ठराव एकमताने झाला. तिला आत बोलावून छाया मॅडमशेजारी बसवलं, फोटो काढला, चहा देण्यात आला.

"मंग मशीन कधी मिळंल?" तिने विचारलं.

गायधनी प्रसन्न हसले. "बाई, आता मागायचं कसलं? आता तुम्ही देणाऱ्या!"

गोजराबाईला ते खरंच वाटलं. घरी जाताना तिने पेढे नेले.

पुढच्या सभेत तिचा अर्ज पटलावर आला. गायधनींनी चष्मा काढला.

"अर्ज अत्यंत योग्य आहे, पण विश्वस्ताच्या कुटुंबीयाला मदत देता येत नाही. हितसंबंध येतो."

"कोन येतो?"

"हितसंबंध."

"त्यो न्हाय आला तरी चालंल. मशीन येऊ द्या."

तिला समजावून सांगण्यात आलं. समजल्यावर ती ताडकन उठली. "मंग मी न्हाय ऱ्हात ईश्वस्त. माझा अर्ज घ्या न् मला सोडा."

पण राजीनामा मंजूर करायचा तर तिच्या जागी दुसरा गरजू हवा होता, नाहीतर देणगी थांबली असती. गोजराबाईने शेजारच्या रंगूबाईला आणलं. रंगूबाई पंचवटीच्या भाजीबाजारात मेथी-कोथिंबीर विकायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि ऑपरेशनसाठी तिने निधीकडेच अर्ज केला होता. विश्वस्त झालं की अर्ज बाद, हे कळताच ती दारातूनच परत फिरली. इतरांचंही तसंच झालं. ज्यांना गरज होती त्यांना मदत हवी होती, त्यामुळे त्यांना मंडळ नको होतं. ज्यांना मंडळ हवं होतं त्यांना गरज नव्हती, त्यामुळे ते मंडळाला नको होते.

शेवटी गोजराबाईचा संयम सुटला. भर सभेत ती म्हणाली, "मंग माझ्या नवऱ्यालाच बसवा खुर्चीत! तुमी काय बोलू ऱ्हायले ते त्याला ऐकू येनार न्हाय, म्हंजे तरास बी व्हनार न्हाय!"

इतिवृत्तात रागाला रकाना नसतो. निकुंभांनी ते वाक्य 'सूचना' म्हणून लिहून घेतलं, विभावरीताईंनी अनुमोदन दिलं, आणि महिनाभरात तिच्या जागी सहादू विधाते विश्वस्त झाला. आता अर्जदार स्वतःच विश्वस्त असल्यामुळे अर्ज पूर्वीपेक्षाही अडचणीचा ठरला.

सहादूला मात्र मंडळ आवडलं. उन्हातान्हात वाकून फुलं खुडणाऱ्या माणसाला हाताची खुर्ची, डोक्यावर पंखा आणि बशीत बटाटेवडा मिळाला, तर तो तक्रार कशाला करील? समोरची माणसं गंभीर चेहऱ्याने तास-तास बोलत. गोरगरिबांसाठी एवढी मोठी माणसं किती जीव तोडून बोलतात, असं वाटून सहादूचं मन भरून यायचं. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे तो एकटक पाही, आणि बोलणं थांबलं की मान डोलवी.

मंडळाला हा अनुभव नवा होता. तिथे आजवर कुणाचं बोलणं कुणी पूर्ण ऐकून घेतलं नव्हतं. विभावरीताई घरी सांगू लागल्या, "विधात्यांसारखा समंजस माणूस नाही हो दुसरा." चहाच्या वादात तो आपल्या बाजूचा आहे, अशी गायधनींचीही खात्री होती आणि निकुंभांचीही.

अर्जदारांवर तर त्याची जादूच झाली. माणसं येत, सहादूसमोर बसून आपलं गाऱ्हाणं सांगत. तो डोळ्यांत पाणी आणून पाही, हातावर हात ठेवी. ती काही न घेता, पण हलकी होऊन जात. निकुंभांनी अहवालात 'समाधान पावलेले अर्जदार' असा नवा रकाना उघडला. तो भरत गेला आणि मदत मिळालेल्यांचा रकाना रिकामा होत गेला. समाधान फुकटात होत असताना निधी खर्च करणं हे उधळपट्टीचं लक्षण आहे, असं मंडळाचं मत पडलं.

पुढे अध्यक्षपदाची मुदत संपली. गायधनींना ते सोडायचं नव्हतं आणि निकुंभांना ते हवं होतं. दोघं इतके भांडले की निधीचे दोन तुकडे व्हायची वेळ आली. अखेर ज्याने कधी कुणाला दुखावलं नाही अशा एकाच नावावर दोघांचं एकमत झालं. सहादू अध्यक्ष झाला. त्याने बंद गळ्याचा कोट शिवून घेतला आणि झेंडू तोडायला गडी लावला.

"कोट घालून तरी रस्त्याच्या कडंनं चाला," गोजराबाई ओरडून म्हणाली. त्याने मान डोलवली.

त्या दसऱ्याला झेंडूला चांगला भाव आला. गोजराबाईने निधीची वाट पाहणं सोडलं, नवऱ्याला स्वतः दवाखान्यात नेलं आणि पदरच्या पैशाने मशीन बसवलं. मशीन कानात गेल्यावर सहादू दचकला.

"एवढी वरडती काहून?"

"इतकी वर्सं वरडूनच संसार केला मी," ती म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. त्याने ते रडणंही ऐकलं. मग त्याने रस्ता ओलांडताना तिचा हात धरला, जे लग्नानंतर आजवर कधी केलं नव्हतं.

पुढची सभा ही त्याने ऐकलेली पहिली सभा. विषय होता, सभागृहाचे पडदे मोतिया रंगाचे असावेत की बदामी. गायधनी तळमळून बोलत होते. त्यांचा तो चेहरा सहादूच्या ओळखीचा होता. याच चेहऱ्याकडे पाहून त्याचे डोळे भरून यायचे. पडदे संपले आणि निकुंभ घाईघाईने म्हणाले, "रंगूबाईंचा मोतीबिंदू. मागच्या दोन सभांप्रमाणे अध्यक्षांच्या संमतीने पुढे ढकलायचा ना?" आणि सवयीने त्याच्या मानेकडे पाहिलं.

सहादूची मान हलली नाही. सभेत असं कधी झालं नव्हतं.

रात्री त्याला जेवण गेलं नाही. "मला वाटायचं, लय मोठं काय तरी बोलू ऱ्हायले," तो बायकोला म्हणाला. "रंगूबाईला दोनदा मीच न्हाय म्हनलो गं. ह्या मानेनं."

"मंग आता तोंडानं हां म्हना," गोजराबाई म्हणाली आणि ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

पुढच्या सभेत त्याने तोंड उघडलं. "रंगूबाईच्या डोळ्याचं आज करून टाकू."

विश्वस्त हादरले. अध्यक्ष बोलतात ही बाब कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. विभावरीताईंनी त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली. गायधनी आणि निकुंभ कित्येक वर्षांत प्रथमच एकमेकांशेजारी बसले आणि त्यांनी मिळून ठराव तयार केला: श्रवणयंत्रामुळे अध्यक्षांच्या निःपक्षपाती वृत्तीत बाधा येत असून, सभेच्या वेळी ते कानातून काढून ठेवावं, अन्यथा अध्यक्षपद आणि विश्वस्तपद दोन्ही सोडावं. सहादूने मशीन काढायला नकार दिला. प्रकरण वार्षिक सभेत, म्हणजे आमच्यापुढे आलं.

आम्ही सभासद वार्षिक सभेला आवर्जून जातो. जेवण असतं. पंचवटीतलं मंगल कार्यालय भरलं होतं, आतून बासुंदीचा वास येत होता. सहादू कोट घालून उभा राहिला.

"मी शिकलेला न्हाय. माझी चूक झाली, ती मी कबूल करतो. ऐकू येत नव्हतं न् मान हालवत बसलो. पर तुमाला तर ऐकू येतं. ती रंगूबाई हितं तीनदा येऊन गेली. पैसा तुमचा. तिचं काय झालं, कुनी इचारलं का?"

आतून वाट्या मांडल्याचा आवाज आला.

"एकानं? एखांद्यानं तरी?"

आमच्यापैकी कुणी छताकडे पाहिलं, कुणी घड्याळाकडे. मग सहादूने कानातलं मशीन काढलं, बोटाने टिचकी मारली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोपुढे धरलं.

"बंद पडलं का गं हे?"

गोजराबाईने ते कानाशी नेऊन पाहिलं. "चालू हे," ती म्हणाली.

गायधनींनी ठराव मतास टाकला. मतदान आवाजी होतं. सगळे मिळून इतक्या जोराने ओरडले की 'मंजूर' हा शब्द मशीन पुन्हा कानात घालायच्या आतच सहादूला ऐकू आला.

मुंबईच्या संस्थेला गोजराबाईचा जुना फोटोच पुन्हा पाठवण्यात आला. विश्वस्तपद गेल्यामुळे सहादूचा जुना अर्ज विचारात घेण्यास हरकत राहिली नाही. मंडळाने तो लगेच घेतला. अर्जदाराला उत्तम ऐकू येतं, हे वार्षिक सभेत सर्वांसमक्ष सिद्ध झालं असल्याने अर्ज निकाली काढण्यात आला. सहादूने कोट उतरवला आणि गडी बंद करून पुन्हा स्वतः झेंडूत उतरला. रंगूबाईला त्याने आणि गोजराबाईने सरकारी दवाखान्यात नेलं. नंबर लागायला वेळ गेला, पण दोन्ही डोळे झाले आणि उत्तम झाले. ती पुन्हा पंचवटीच्या बाजारात मेथी घेऊन बसते.

आम्ही मात्र तिच्याकडे फारसं जात नाही. तिला दिसत नव्हतं तेव्हा आमच्या घरातल्या साऱ्या फाटक्या नोटा तिच्याच पाटीत चालायच्या, आणि जुडी निवडून घेताना एखादी पिशवीत जास्त गेली तरी ती काही बोलायची नाही. आता ती मान वर करून नीट पाहते. परवा तुम्हीही तिची पाटी टाळून पलीकडच्या गल्लीने गेलात ना, तेही तिने पाहिलं.