शेषेराव मास्तरांची मोठ्या दात्यांची थापी

"अवजार कसं निवडायचं ते मला सांगू नको, कुसुम! छत्तीस वर्षं भूमिती शिकवलीय मी!"

असं म्हणून मुरुडचे शेषेराव मास्तर लातूरला गेले आणि टाइल्स बसवायची, दुकानातली सगळ्यात मोठ्या दात्यांची थापी घेऊन आले. काय ती थापी! सुसरीनं बघितली असती तर लाजून तोंड मिटलं असतं!

निलंग्याच्या गुंडप्पा मिस्त्रीनं फोनवर बजावलं होतं, "मास्तर, भिंतीला बारीक दात्यांची आणून ठेवा. मी दुपारी येतो."

पण मास्तरांना धीर कुठला? कुसुमकाकूंचा जीव तर भिंतीतच अडकलेला. अधिक महिना. उद्या धोंड्याचं जेवण. लग्नानंतर जावई पहिल्यांदाच जेवायला येणार, आणि ओट्यामागची भिंत उघडीबोडकी!

"चिकटवायचं केमिकल जेवढं जाड, तेवढी टाइल घट्ट!" मास्तरांनी सिद्धांत मांडला आणि थापी फिरवली. एक टाइल बसली, दुसरी बसली. सहावी बसेपर्यंत पहिली निघाली खाली... पायरी उतरणाऱ्या नव्या नवरीसारखी, हळूच, पैंजण न वाजवता.

"अहो, ती उतरायली की!"

"धर! धर तिला!"

काकूंनी दोन्ही तळवे लावले. तेवढ्यात दुसऱ्या दोघी निघाल्या. मास्तरांचे दोन्ही हात गुंतले. मग पाचवी हलली. मास्तरांनी तिला कपाळ टेकवलं!

नेमके त्याच वेळी उमरीचे व्याही हणमंतराव आंब्याची पाटी घेऊन दारात. बघतात तर व्याही-विहीणबाई भिंतीला हात लावून उभे, व्याह्याचं डोकं टेकलेलं, डोळे मिटलेले. यांच्याकडं भिंतीची पूजा असते वाटतं! भल्या माणसानं चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि मनोभावे आपलंही डोकं टेकवलं. नेमकं सहाव्या टाइलवर!

"हलू नका पाव्हणं!" मास्तर ओरडले. "सोडली की पडंल!"

"आरती व्हायचीय का अजून?"

"आरती न्हाई हो, टाइल हाय ती!"

"बरं... घोटभर पाणी मिळंल का मग?"

"हात मोकळा न्हाई हो दादा!" काकू कळवळल्या. व्याह्याला गूळ न्हाई, पाणी न्हाई, अन् वर भिंतीला लावून उभं केलं!

तशात गुंडप्पा आला. "अय्यो! मास्तर, फोटो काढायलालेत काय?"

पण हसला न्हाई. खांद्यावरचं झोपलेलं लेकरू उतरवावं तशी त्यानं एकेक टाइल उतरवून घेतली. केमिकल खरवडलं. पिशवीतून आपली बारीक दात्यांची थापी काढली आणि भिंतीवरून ओढली. काय हात! पेरताना शेतात तिफणीमागं उमटाव्यात तशा सरळ, सारख्या रेघा! आई लेकीच्या केसांतून फणी फिरवते, तशी माया त्या मनगटात. त्यानं टाइल दाबून बसवली आणि लगेच उपटून काढली!

"अगं बाई! काढली का?"

"पाठ बघायची, काकू. पाठ सगळी भरली पाहिजे. केमिकल कमी पडलं तर पोकळ, जास्त झालं तर घसरगुंडी. ह्या टाइलीला एवढाच दाता."

"मग माझी थापी?" मास्तरांचा आवाज एवढासा.

"खालच्या मोठ्या फरशीला लई बेस हाय!"

मास्तर खुलले. "गुंडप्पा, एक लावू दे की मला!"

गुंडप्पानं भिंत न्याहाळली, कोपऱ्यात जागा दाखवली, बारीक थापी हातात दिली. मास्तरांनी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून टाइल बसवली. गुंडप्पानं बोटाच्या पेरानं ठोकली. "भरीव! एक नंबर, मास्तर!"

दुसऱ्या दिवशी भिंत आरशासारखी लखलखत होती. काकूंच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. चौरंग मांडला, तांब्या भरला, जावई आले. पण मास्तरांची टाइल काही कुणाला दिसेना! गुंडप्पानं दाखवलेली जागा नेमकी फ्रिजच्या मागची होती.

म्हणून पायावर पाणी घालायच्या आधी सासऱ्यानं जावयाला फ्रिज ओढायला लावला!