मगरभाऊंना राजधानीला कसं धाडलं

एका जंगलात, बाळांनो, फार हुशार चितळं राहत होती. ती चितळं म्हणजे आपणच. तेव्हा हसायचं असेल तर जरा जपून हसा.

आपल्या कळपाला पाणवठा एकच होता, आणि त्या पाणवठ्यात मगरभाऊ राहत. कळप पाणी प्यायला गेला की परत येताना एखादं कमी व्हायचं. चांदी नावाच्या हरिणीचं पाडस मागच्या उन्हाळ्यात असंच गेलं. यंदा तिला पुन्हा पाडस झालं होतं आणि उन्हाळा तोंडावर आला होता.

अशात वनसभेची निवडणूक लागली. सत्तेवर सिंहाची आघाडी होती, समोर हत्तीची. आपल्या पाणवठ्याच्या जागेवर कोणाला निवडायचं, म्हणून कळपाची बैठक बसली.

कळपातले जाणते शिंगाडेकाका म्हणाले, "माझं ऐकाल तर मगरभाऊंनाच निवडून द्या."

"काका, ऊन लागलं का तुम्हाला?" चांदी म्हणाली.

"अगं पोरी, निवडून आलेला कधी आपल्या भागात दिसलाय का? एकदा राजधानीला गेला की पाच वर्षं फिरकत नाही. मग पाणवठा कोणाचा?"

कळप थक्क झाला. आपल्यात एवढी अक्कल आहे हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं.

चांदीला काही ते पटत नव्हतं. पण दुसरा उपाय तिच्याकडेही नव्हता. शेवटी तीच पाडसाला घेऊन रानोमाळ फिरली आणि "मगरभाऊ आपल्या मातीतले!" असं घसा बसेपर्यंत ओरडली.

मगरभाऊ अपक्ष उभे राहिले, प्रचंड मतांनी आले आणि खरंच राजधानीला गेले. त्या दिवशी आपण सगळे पोटभर पाणी प्यायलो. चांदीचं पाडस पाण्यात गुडघाभर आत जाऊन नाचलं. ते बघून चांदीला रडू आवरेना. खोटं कशाला बोलू, मलाही आवरेना.

तिकडे सिंहाची आघाडी हरली. जंगलभर गुलाल उधळला. पण हत्तीच्या आघाडीला बहुमतासाठी एक डोकं कमी पडत होतं, आणि मोकळं डोकं फक्त मगरभाऊंचं होतं.

"भाऊ, काय हवं ते मागा," हत्ती म्हणाला.

"मला कसली हाव नाही. पाणीखातं तेवढं द्या. आणि कार्यालय आमच्या पाणवठ्यातच असू द्या. जनतेपासून लांब राहून मला करमत नाही."

सरकार बदललं. मगरभाऊ परत आले. आता काठावर त्यांच्या रखवालीला लांडगेही होते.

कळपाची पुन्हा बैठक बसली. शिंगाडेकाका खाकरले. "काही म्हणा, सत्ताबदल तर झाला! आणि मंत्रिपद आपल्या पाणवठ्याला मिळालं. भाऊंचा सत्कार करायला हवा."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

"हार कोण घालणार?" कोणीतरी विचारलं.

सगळ्यांनी चांदीकडे पाहिलं. प्रचार तिनंच केला होता ना!

चांदीनं पाडसाला माझ्याकडे ढकललं, गवताचा हार उचलला आणि पाण्याकडे चालू लागली. मगरभाऊंनी मान पुढे केली. त्यांचं तोंड उघडंच होतं, कारण भाषण चालू होतं.

तात्पर्य : आपला प्रतिनिधी निवडून आल्यावर पाच वर्षं तोंड दाखवत नसेल, तर तक्रार करू नये. आपण अजून जिवंत आहोत, हेच त्याचं काम समजावं.