सारख्या फण्या

लेक हेमांगीच्या साखरपुड्याला निघायला तासभर होता. पहाटेपासून वाडीत केळीचे घड उतरवून दमलेले रामचंद्र ओटीवर पाठ टेकणार, तोच नात क्षितिजा गणिताचं पुस्तक घेऊन आली.

"आजोबा, तीन एक्स अधिक दोन म्हणजे किती? उद्या टेस्ट आहे."

व्याह्यांकडे न्यायच्या केळ्यांच्या तीन फण्या टोपलीत होत्या. रामचंद्रांनी झोपाळलेल्या डोळ्यांनी तिकडे बोट केलं. "एका फणीत एक्स केळी. अशा तीन फण्या, अन् वर दोन सुटी. झालं."

"पण ही फणी मोठी, ती छोटी! बाई म्हणतात, एका गणितात एक्स सगळीकडे सेमच पाहिजे."

वाद घालायचं त्राण नव्हतं. रामचंद्रांनी मोठ्या फणीचं एक केळं मोडलं. देठाला देठ चिकटलेले, शेजारचंही हातात आलं. आता दुसरी फणी मोठी ठरली. तिचं मोडलं, तर तिसरी. शेवटी प्रत्येकीत चारच केळी उरली आणि जमिनीवर सुट्यांचा ढीग झाला.

"एक्स चार! तीन चोक बारा, अधिक दोन, चौदा! समजलं!" क्षितिजा नाचू लागली.

तेवढ्यात नवं लुगडं सावरत त्यांची बायको सरलाबाई बाहेर आल्या. "अगो बाय! अहो, हे काय केलंत? अख्खी फणी न्यायची असते, एवढंही कळत नाय? लेकीची इज्जत घालवणार आज!"

"बाकीचे घड टेम्पोनं बाजारात गेले गं."

"तुम्हीपन जायचं होतं त्यातच!"

व्याह्यांच्या मनवेलपाड्यापर्यंत सरलाबाई बोलत होत्या, रामचंद्र ऐकत होते. विहीणबाई यमुनाबाईंनी टोपलीवरचं फडकं उचललं, तेव्हा रामचंद्रांनी डोळेच मिटले.

"किती गोड! सगळ्या एका मापाच्या!" यमुनाबाई म्हणाल्या. "आमच्या फ्लॅटच्या देव्हाऱ्यात मोठी फणी मावतच नाही हो. लग्नालाही अश्शाच आणा. घरटी एक वाटू."

"आणू की!" सरलाबाई ताठ बसल्या. "आमच्या ह्यांनी मुद्दाम बसून केल्यात."

रामचंद्रांनी चिकाने काळी पडलेली बोटं मांडीखाली लपवली. "घरं किती असतील?"

"ते कुठे ठरलंय अजून!"

"म्हणजे एक्स!" क्षितिजा ओरडली. "आजोबा, घरं एक्स, मग केळी चार एक्स!"

"बाय माझी," रामचंद्र हळूच म्हणाले, "एक्स जरा लहान धर."