लिमयेगुरुजींचं चीगाँग

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कुणावर तरी डाफरल्याशिवाय अन्न पचत नाही. कर्वेनगरच्या यज्ञेश्वर लिमयांनी त्यासाठी चीगाँग काढलं. आठवडाभर व्हिडिओ पाहिले आणि जवळच्या बागेत या चिनी व्यायामाचे गुरुजी होऊन बसले. प्रकार तीन, असं ते सांगत: आरोग्याचा, ध्यानाचा आणि युद्धाचा. शिवाय झाडाला पाटी टांगली: 'श्वास रोखू नये. भरल्या पोटी येऊ नये. शंका विचारू नयेत.'

आज बागेच्या ट्रस्टचा नवा व्यवस्थापक सुदर्शन वर्ग पाहायला येणार होता. त्याला पटलं तर वर्ग चालू, नाही तर बंद! मग छाप नको पाडायला? गुरुजींनी थेट युद्धाचा प्रकारच काढला. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं.

"आधी जरा अंग मोकळं करूया का?" मथुराबाईंनी विचारलं. चाळीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई.

"पाटी वाचता येते ना आपल्याला?"

शहाणा माणूस दोन मिनिटांत उठला असता. पण सुदर्शनचा पत्ता नव्हता आणि गुरुजींची खुमखुमी जिरत नव्हती. दहाव्या मिनिटाला कमरेत अशी उसण भरली, की वरही येता येईना आणि खालीही बसता येईना.

"आई गं!"

ठरावीक आवाज काढूनही चीगाँग करतात, हे त्यांनी कालच शिकवलं होतं. मागचे बाराजण भक्तिभावानं ओरडले, "आई गं!"

"गप्प बसा!"

"गप्प बसा!"

"अरे गाढवांनो, कंबर धरलीय माझी!"

हेही सगळ्यांनी सुरात म्हटलं. तो गलका ऐकून सुदर्शन धावतच आला. तोवर मथुराबाई पुढे झाल्या होत्या.

"श्वास कोंडू नका, सोडा. गुडघे एकदम ताठ करायचे नाहीत. भार माझ्या खांद्यावर द्या. हं, सावकाश."

गुरुजींना त्यांनी बाकावर टेकवलं, बाकीच्यांनाही हळूहळू सरळ करून चार पावलं चालायला लावलं. सुदर्शन बघतच राहिला.

"वा, बाई! किती जपून शिकवता हो! वर्ग चालू ठेवा. रोज सकाळी सहा वाजता, परवानगी दिली."

जिंकलो! बसल्या बसल्या गुरुजींची छाती फुगली. "आभारी आहे. त्याचं काय आहे, माझी पद्धत..."

"आजोबा, तुम्ही नवीन दिसताय," सुदर्शन म्हणाला. "बाई सांगतील तेवढंच करत जा."