अप्पांची गार खोली

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल.

आमच्या लॉजचे मॅनेजर अप्पा गिऱ्हाइकांच्या मानेला हात लावतात. खरंच! सकाळी माणूस किल्ली द्यायला काउंटरवर आला, की अप्पा त्याच्या मानेवर हाताची पाठ टेकवतात आणि विचारतात, "रात्री गार होतं ना?" परवा साड्यांचा एक व्यापारी केवढा दचकला! त्याला वाटलं, हे सोन्याची साखळीच काढतायत.

मी त्याच काउंटरवर पावत्या लिहितो, त्यामुळे रोजची मजा बघतो. लॉज सुरत स्टेशनजवळ, अप्पा मूळचे भुसावळचे. तिकडचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. दाराला वाळ्याचा पडदा लावून पाणी मारलं की आत हुडहुडी. तीच विद्या अप्पांनी इथे आणली. पण सुरतेला समुद्र जवळ, हवा आधीच ओली! इथे वाळ्यावर पाणी मारलं की वास सुंदर येतो आणि आतला माणूस शिजतो. दारं फुगतात ती वेगळीच. एका पाहुण्याने तर दार उघडेपर्यंत खिडकीच्या गजातून चहा घेतला.

अप्पांना सांगायची मात्र सोय नाही, उलट मलाच ऐकवतात. "दिलीप, विजेवरची थंडी म्हणजे भाड्याची गाय. थंडी घरी पाळायची असते!" म्हणून ते गच्चीला चुना फासतात आणि ऊन चढायच्या आत सगळ्या खिडक्या लावून टाकतात. त्याचा उपयोग होतो हं, खोटं कशाला बोलू? वाळ्याचं तेवढं जमत नाही.

मागच्या आठवड्यात आमचे शेठ आले. सात नंबरच्या खोलीत जरा बसले आणि रुमाल पिळतच बाहेर पडले.

"अप्पा, आ घराक छे के ढोकळां? बाफी नाख्यां!"

गिऱ्हाइकं ढोकळ्यासारखी वाफवून काढलीत म्हणाले, आणि त्या खोलीत सोमवारी एअर कंडिशनर बसणार.

अप्पांनी हातच जोडले. "शेठ, थोडे दिवस थांबा. सात नंबर कुणाला देऊ नका. माझी मंडळी येतेय."

शेठ तेवढे दिवस थांबायला तयार झाले. अप्पांचं लग्न झालंय हे ऐकून माहीत होतं, पण काकूंना इथे कुणी पाहिलंच नव्हतं. शेठ गेल्यावर अप्पांनीच सांगितलं. नव्या नवरीच्या दिवसांत काकू सुरतेला आल्या होत्या. उकाड्याने अंगभर घामोळं उठलं, चक्कर येऊन पडल्या, आणि वडील येऊन घेऊन गेले. तेव्हापासून दिवाळीला अप्पा तिकडे, बाकी वर्षभर लॉजच्या माडीवर एकटे.

"खोली गार झाली की बोलावतो, असं म्हणत राहिलो," अप्पा म्हणाले. "आता ती आपणहून येतेय, दोन दिवस. या वेळी नाही सोसलं, तर पुन्हा कुठल्या तोंडाने बोलावू?"

काल दुपारच्या गाडीने काकू आल्या. अप्पा पहाटेपासून पडद्यावर बादल्या ओतत होते. मी काकूंची ट्रंक घेऊन वर गेलो, तर खोलीतून तोंडावर वाफच आली! काकू खाटेवर बसल्या. अप्पा दारात उभे, मॅट्रिकच्या निकालाला आल्यासारखे.

"कसं वाटतंय गं?"

"गार शे ना!"

"खरं सांग."

"खरंच तर! थंडी वाजी राह्यनी. पांघराले काही शे का?"

अप्पा जे सुटले ते सगळ्या लॉजला सांगतच जिना उतरले. "ऐकलं का? तिला थंडी वाजतेय! थंडी!"

मी कपाटातून चादर काढून दिली. काकूंच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब, कुंकू वितळून नाकापर्यंत उतरलेलं. त्यांनी चादर घेतली, खांद्यावरून घट्ट लपेटली आणि माझ्याकडे एकदाच बघितलं.

"आज जरा गारठाच आहे, काकू," मी म्हणालो.

"मंग त्यासले सांग," त्या म्हणाल्या, "परतीनं तिकीट काढू नका."

त्या मशीनचं काय करायचं ते शेठ बघतील. मला कालपासून एकच सुचतंय, सगळ्यांना विचारत सुटलोय. भर मे महिन्यात तुमच्यासाठी कधी कुणी चादर मागितली आहे का हो?